सोडवायला कोण येणार?

एप्रिल १८७० मध्ये अथेन्समधली काही परदेशी, बहुतेक इंग्रज, मंडळी मॅरेथॉनचं जुनं रणांगण बघायला निघाली. लॉर्ड मन्कास्टर, त्यांची पत्नी, त्यांचा एक मित्र, वकिलातींतले दोन अधिकारी, एक वकील, त्याची बायको, त्यांची लहान मुलगी. थाट घरगुती सहलीचा, सोबतीला घोडेस्वारांचा पहारा. परतीच्या वाटेवर दरोडेखोरांनी त्यांना गाठलं. बायकांना आणि मुलीला सोडलं, पुढे खंडणीची व्यवस्था करायला म्हणून लॉर्डसाहेबांनाही मोकळं केलं. उरलेल्यांसाठी मागणी दुहेरी होती: पैसे हवेत आणि माफीही हवी. पैशांची तयारी होती, पण माफी द्यायला ग्रीक सरकार राजी होईना. शेवटी लष्कराने पाठलाग सुरू केला आणि पकडल्यापासून दहा-बारा दिवसांच्या आत चौघांचे मुडदे पडले. इतिहासात ही घटना दिलेसीचं हत्याकांड म्हणून नोंदली गेली.

या एका प्रकरणात पुढच्या दीडशे वर्षांतल्या ओलीसपटांचं जवळजवळ सगळं सामान आहे. स्थळदर्शनाला निघालेले पाहुणे, अनोळखी डोंगराळ वाट, नुसत्या पैशांवर न भागणारी मागणी, सरकारांची ओढाताण, उतावळं लष्कर. कमी आहे तो फक्त सोडवायला येणारा नायक. तो पुढे सिनेमाने पुरवला.

'ओलीस' हा शब्द मात्र मराठीला सिनेमाने दिलेला नाही. तह पाळला जावा म्हणून जवळचं माणूस दुसऱ्याच्या छावणीत ठेवायचं, ही जुनी राजनीती. १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई मोगलांच्या हाती लागल्या. १७०७ मध्ये शाहू सुटले, त्या सुटल्या नाहीत. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा त्यांच्याबरोबर त्या साताऱ्याच्या वाटेला लागल्या. मधली बारा वर्षं त्या ओलीस होत्या, आणि त्या कोण आहेत हे ठेवून घेणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं. पर्यटक ओलीस हा वेगळाच प्राणी. पकडणाऱ्याला त्याचं नाव माहीत नसतं. तो आधी पासपोर्ट उघडून बघतो आणि मग ठरवतो, आपल्या हाती काय लागलंय.

त्या क्षणापासून पडद्यावर एकच प्रश्न उरतो: याला सोडवायला कोण येणार? बाप, सरकार, कंपनी, की कोणीच नाही? कोणी काय उत्तर दिलं त्यावरून या चित्रपटांची घराणी पडतात. या संग्रहातले लेखही याच प्रश्नाभोवती घिरट्या घालतात, म्हणून नव्या वाचकाला आधी घराण्यांची ओळख करून द्यायला हवी.

मूळ घराणं आल्फ्रेड हिचकॉकचं. 'द मॅन हू न्यू टू मच' त्याने दोनदा काढला: १९३४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्फात सुरू होणारा, आणि १९५६ मध्ये मोरोक्कोत सुरू होणारा. दुसऱ्याची सुरुवात बसमध्ये होते. अमेरिकन डॉक्टर, त्याची गायिका बायको आणि मुलगा कॅसाब्लांकाहून मराकेशला निघालेत. बस हिंदकळते, तोल जाऊन मुलगा आधाराला हात टाकतो आणि एका बाईचा बुरखा त्याच्या हातात येतो. बाईबरोबरचा माणूस खवळतो, मुलाला काही कळत नाही, भाषा जाणणारा एक परका मध्ये पडून मिटवतो. पुढे हॉटेलात हाच डॉक्टर बुटक्या बैठकीवर आपले लांब पाय कुठे ठेवायचे या विवंचनेत पडतो आणि फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांनी व अंगठ्याने कोंबडी खायची म्हटल्यावर पुरता हरतो. आपल्याकडचं चार वर्षांचं पोरही जे सहज करतं ते त्याला जमत नाही, यावर मराठी प्रेक्षकाला वेगळंच हसू येतं. एवढ्या दोन प्रसंगांत हिचकॉकने परदेश म्हणजे काय ते सांगून टाकलं. हात कुठे टाकायचा हे जिथे ठाऊक नसतं, ती जागा. मग मुलगा पळवला जातो. पोलिसांकडे तोंड उघडलं तर मुलगा जाईल, म्हणून आईबापच शोधत फिरतात. अख्ख्या चित्रपटात रक्त नावालाच, आणि कथानकाची कळ फिरते ती एका संगीत सभागृहात आईने फोडलेल्या किंकाळीवर.

याच घराण्यातला 'अँड सून द डार्कनेस' (१९७०) आज फार कोणी बघत नाही. दोन इंग्रज परिचारिका सायकलवरून फ्रान्समध्ये फिरताहेत, सपाट शेतं, लख्ख ऊन, सरळ रस्ता, आणि त्यातली एक नाहीशी होते. २०१० मध्ये तो पुन्हा काढला तेव्हा फ्रान्सऐवजी अर्जेंटिना आलं. भीतीचा पत्ता बदलण्यामागे बाजाराचं गणित असतं, हे या छोट्याशा बदलावरून कळतं.

दुसरं घराणं कमांडोंचं, आणि त्याची जन्मतारीख पक्की आहे: ४ जुलै १९७६. तेल अवीवहून अथेन्समार्गे पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान २७ जूनला पळवून युगांडातल्या एन्टेबीला नेलं गेलं. इस्रायली आणि ज्यू प्रवासी वेगळे काढले, बाकीचे टप्प्याटप्प्याने सोडले. कॅप्टन मिशेल बाकोस आणि त्यांचे सहकारी, सुटका शक्य असूनही, प्रवाशांना सोडून गेले नाहीत. इस्रायली तुकडीने रात्री उतरून १०२ जणांना बाहेर काढलं. तुकडीचा प्रमुख योनातन नेतान्याहू त्यात मारला गेला. जगभरच्या निर्मात्यांनी अक्षरशः धाव घेतली. वर्षभराच्या आसपास तीन पडदारूपं तयार झाली, त्यातला मेनाहेम गोलानचा इस्रायली चित्रपट ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या यादीत पोचला.

गोलान तिथे थांबला नाही. जून १९८५ मध्ये टीडब्ल्यूएचं विमान बैरुतला पळवलं गेलं. अमेरिकन नौदलाचा एक पाणबुड्या मारला गेला आणि उरलेले ओलीस सतरा दिवसांनी वाटाघाटींतून सुटले. कमांडो कारवाई झालीच नाही. पुढच्याच वर्षी गोलानने 'द डेल्टा फोर्स' आणला. पहिला अर्धा भाग वर्तमानपत्राबरहुकूम, आणि मग चक नॉरिस रॉकेट उडवणाऱ्या मोटरसायकलवर बसून तो हिशेब पुरा करतो. घडलेल्या तहाला न घडलेल्या लढाईचं ठिगळ लावायचं, ही पद्धत इथे रूढ झाली, आणि ती पुढे सगळ्या देशांनी उचलली. आपणही.

चाळीस वर्षांनी जोझे पादिल्याने '७ डेज इन एन्टेबी' (२०१८) काढला आणि छाप्याच्या दृश्यात मध्येमध्ये इस्रायली नर्तकांचा नाच कापून घातला. कमांडो बघायला आलेले वैतागले. त्यांचं फारसं चुकलं नाही.

तिसरं घराणं बापाचं. 'टेकन' (२००८) ठाऊक नाही असा प्रेक्षक विरळा. निवृत्त अमेरिकन गुप्तचर, पॅरिसला फिरायला गेलेली सतरा वर्षांची मुलगी, अल्बेनियन टोळी. मुलगी पलंगाखाली लपलीय, फोनवर बाप. तो तिला खोटा धीर देत नाही. तुला नेणार आहेत, हे तो तिला स्पष्ट सांगतो, आणि नेताना जे जे दिसेल ते ओरडून सांग म्हणतो. मग तो फोनवरच्या अनोळखी माणसाला जे ऐकवतो ते पुढे इतकं नकललं गेलं, की आता त्या प्रसंगातली भीती जाऊन गंमतच उरलीय. खरं बघण्यासारखं दृश्य वेगळं आहे. बाप जुन्या फ्रेंच मित्राच्या घरी जेवायला जातो. मुलं झोपायला गेलीत, मित्राची बायको वाढतेय. मित्र बोलत नाही असं दिसल्यावर पाहुणा त्या बाईच्या दंडात गोळी घालतो आणि दुसरी कुठे घालायची ते सांगतो. थिएटरात या क्षणी टाळी पडते. अन्नदात्या घरच्या बाईवर गोळी झाडणारा नायक एरवी कुठल्या भाषेत खपला असता? मुलगी पळवली गेलीय, एवढ्या एका कारणावर सगळं माफ होतं.

त्या फोनशेजारी दुसरा एक फोन ठेवून बघावा. निकोला सादा यांच्या 'ताजमहल' (२०१५) या फ्रेंच चित्रपटात अठरा वर्षांची मुलगी मुंबईच्या ताजमध्ये खोलीत एकटी आहे. आईबाप जेवायला बाहेर गेलेत. तारीख २६ नोव्हेंबर २००८. बाहेर स्फोट, बूट, किंचाळ्या. तीही लपते, तीही बापाला फोन लावते. हा बापही दुसऱ्या टोकाला आहे, पण त्याच्याकडे कसलंच कसब नाही. शहर बंद झालंय आणि त्याला हॉटेलपर्यंत पोचताही येत नाही. तो फक्त बोलत राहतो. हल्लेखोर जवळपास दिसतच नाहीत. अंधार, दाराखालची फट, आणि कानात बापाचा आवाज. दोन्ही फोन पाठोपाठ ऐकले की पहिला किती गोड खोटं बोलतो ते ध्यानात येतं.

चौथ्या घराण्यात सोडवायला कोणी येतच नाही. ईलाय रॉथचा 'हॉस्टेल' (२००५) स्लोव्हाकियात घडतो: मजा मारायला आलेली अमेरिकन पोरं, आणि पैसे मोजून माणूस कापायला मिळणारा कारखाना. चित्रीकरण झालं शेजारच्या चेक प्रजासत्ताकात. स्लोव्हाकियातले पुढारी संतापले, तर रॉथचं म्हणणं असं, की अमेरिकनांना बाहेरच्या जगाची किती कमी माहिती आहे तेच दाखवायचं होतं. 'तुरिस्तास' (२००६) मध्ये ब्राझीलला गेलेल्या पर्यटकांचे अवयव काढले जातात, आणि तिथेही ओरड झाली. या चित्रपटांत हत्यारं गॅरेजमधली असतात. ड्रिल, कात्री, पक्कड. बंदुकीचा मृत्यू लांबून येतो, इथे माणूस दुसऱ्याच्या इतक्या जवळ असतो की घाम दिसतो. या पुस्तकाचे लेखक रॉथवर फार कडक आहेत, आणि इथे प्रस्तावनाकाराचं त्यांच्याशी जमत नाही. किळस बाजूला ठेवून पाहिलं तर 'हॉस्टेल'मध्ये एक सरळ व्यापारी दर आहे: कुठल्या देशाच्या माणसाला मारायला किती मोजावे लागतील याचा, आणि अमेरिकन सगळ्यांत महाग. पासपोर्टची किंमत इतक्या उघडपणे फार थोड्या चित्रपटांनी बोलून दाखवली.

आता पाचवं, आणि सगळ्यांत कमी गल्ला जमवणारं घराणं: वाटाघाटीवाल्यांचं. अपहरणाच्या विम्याचा धंदा लंडनमध्ये जुनाच. १९७५ मध्ये कंट्रोल रिस्क्ससारखी कंपनी निघाली आणि घासाघीस करून माणूस सोडवणं हा रीतसर पेशा झाला. 'प्रूफ ऑफ लाइफ' (२०००) त्यावरच उभा आहे, जरी शेवटी रसेल क्रोला बंदूक हाती घ्यावीशी वाटतेच. शुद्ध नमुना बघायचा तर तोबियास लिंडहोमचा डॅनिश चित्रपट 'अ हायजॅकिंग' (२०१२). सोमाली चाचे जहाज ताब्यात घेतात तो प्रसंग लिंडहोम दाखवतच नाही. एका दृश्यात जहाज नेहमीसारखं चाललंय, पुढच्यात पकडलं गेलंय. मग कोपनहेगनची एक खोली, स्पीकरफोन, फळा, फळ्यावर आकडे. चाचे दीड कोटी डॉलर मागतात, कंपनीचा प्रमुख अडीच लाखांपासून सुरुवात करतो. सल्लागार त्याला सांगतो, लगेच वाढवू नका, वाढवलंत तर त्यांना वाटेल अजून आहेत. तो सल्लागार पडद्यावर साकारणारा माणूस खऱ्या आयुष्यातही हेच काम करणारा आहे. मंडईत भाव करणाऱ्या कोणालाही हे तंत्र कळेल. फरक एवढाच, की इथे भाव पाडताना पलीकडे जहाजाचा स्वयंपाकी वेडा व्हायला आलेला असतो.

फिलिपिन्सच्या ब्रियांते मेंदोसाचा 'कॅप्टिव्ह' (२०१२) अर्धा या घराण्यातला. २००१ मध्ये पालावानच्या दोस पाल्मास रिसॉर्टमधून अबू सय्याफने वीस जणांना उचललं. पुढे आणखी लोक पकडले गेले, काही सुटले, काही मारले गेले, आणि शेवटच्या सुटकेच्या चकमकीपर्यंत वर्ष उलटलं. मेंदोसा हे वर्ष डास, जळवा, चिखल आणि चालणं यांत मोजतो. कधीकधी सरकारी फौजाच ओलिसांच्या दिशेने गोळ्या झाडतात. दिलेसीपासून यात काही बदललेलं नाही.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट मलेशियातल्या सिपादान बेटावरची. एप्रिल २००० मध्ये एकवीस जण पळवून होलो बेटावर नेले, त्यांत दहा परदेशी पर्यटक आणि अकरा रिसॉर्टचे कर्मचारी. जगभरच्या कॅमेऱ्यांनी पर्यटकांचे चेहरे दाखवले. ताटं उचलणारे, खोल्या झाडणारे अकरा जण बातम्यांच्या दुसऱ्या परिच्छेदात गेले. ओलीसपटातला स्थानिक माणूसही असाच. एक तर तो खलनायक असतो, नाहीतर मार्ग दाखवून मध्यंतराआधी मरतो.

'नो एस्केप' (२०१५) याची कमालच. अमेरिकन अभियंता बायको-मुलींना घेऊन एका आशियाई देशात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी उठाव. बाप आपल्या लहान मुलीला एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर अक्षरशः फेकतो, तो क्षण अंगावर येतो, हे मान्य. पण देशाला नावच नाही. चित्रीकरण थायलंडमध्ये, आणि पोलिसांच्या ढालींवरची अक्षरं ख्मेर लिपीतली, तीही उलटी लावलेली. कंबोडियाने चित्रपटावर बंदी घातली. आपल्या लिपीची अशी उलटापालट झाली असती तर महाराष्ट्रात काय झालं असतं, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

इथून मराठी वाचकाचा संबंध सुरू होतो. तो एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसलेला आहे. पाश्चात्त्य ओलीसपटातलं 'तिकडे' म्हणजे अनेकदा त्याचंच गाव असतं. नेटफ्लिक्सच्या 'एक्स्ट्रॅक्शन' (२०२०) मध्ये मुंबईच्या अमली पदार्थांच्या धंदेवाल्याचा मुलगा ढाक्याला पळवून नेलाय. ज्या चित्रकथेवरून हे घेतलं ती पॅराग्वेतल्या एका शहरात घडते. ढाका म्हणून दिसतं ते बरंचसं अहमदाबाद आणि थायलंड. पिवळट रंग मारला की गरीब उष्ण देश तयार, मग तो कुठलाही असो. दिग्दर्शक सॅम हारग्रेव्ह मूळचा स्टंटवाला. एकसंध वाटणाऱ्या सुमारे बारा मिनिटांच्या मारामारीसाठी त्याने स्वतःला मोटारीच्या पुढच्या भागाला बांधून घेऊन कॅमेरा चालवला. कसब निर्विवाद. फक्त त्या बारा मिनिटांत जिन्यांवर, गल्लीत, गच्चीवर जी माणसं पडतात त्यांची नावं कोणाला ठाऊक नसतात.

'हॉटेल मुंबई' (२०१८) यापेक्षा प्रामाणिक. अँथनी मारास या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने ताजचा बराचसा भाग अॅडलेडच्या स्टुडिओत उभारला. देव पटेलचा वेटर कामावर येताना एक बूट हरवून बसतो. मुख्य शेफ हेमंत ओबेरॉय (अनुपम खेर) त्याला आपला जोड देतात. तो घट्ट असतो. रात्रभर पाहुण्यांना वाचवत फिरणाऱ्या या माणसाचे पाय त्या बुटांत सोलवटत जातात. चित्रपटातली सगळ्यांत खरी हिंसा ती. तरीही कॅमेरा हॉटेलच्या भिंतींना चिकटून राहतो. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबला रायफलीसकट धरून ठेवलं आणि गोळ्या अंगावर घेतल्या. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर हे पोलीस अधिकारी गेले. सीएसएमटीवर मेलेले बहुतेक लोक गावी जायची गाडी पकडायला आलेले होते. १६६ मृतांची ही रात्र परदेशी पडद्यावर मुख्यतः एका हॉटेलाची गोष्ट झाली.

दुसरी खुर्ची प्रवाशाची. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी ८१४ मध्ये नेपाळला मधुचंद्र करून परतणारी जोडपी होती. विमान अमृतसरला पाऊण तास उभं राहिलं आणि निघून गेलं. लाहोर, दुबई, मग कंदाहार. एका नवविवाहित प्रवाशाला मारून टाकलं होतं. ३१ डिसेंबरला तीन दहशतवादी सोडून ओलीस परत आणले गेले. त्या तिघांतला एक, उमर शेख, याने १९९४ मध्ये दिल्लीत परदेशी पर्यटकांशी गोड बोलून त्यांना पळवलं होतं. हन्सल मेहतांचा 'ओमेर्ता' त्याच्यावरच आहे. पर्यटकांना पळवणारा पर्यटकांच्या बदल्यात सुटला. कुठल्याही पटकथाकाराने हे लिहिलं असतं तर योगायोग फार झाला म्हणून निर्मात्याने कापलं असतं.

हिंदी सिनेमाने कंदाहारचा तो अपमान वारंवार पुसायचा प्रयत्न केला. 'जमीन' (२००३) मध्ये विमान सोडवलं जातं, म्हणजे डेल्टा फोर्सचंच ठिगळ. २०२४ मध्ये अनुभव सिन्हांच्या मालिकेने पहिल्यांदा खोलीत बसलेल्या, फायली चाळणाऱ्या, एकमेकांवर ढकलणाऱ्या अधिकाऱ्यांना मध्यभागी ठेवलं. गदारोळ झाला तो अपहरणकर्त्यांच्या 'भोला' आणि 'शंकर' या टोपणनावांवरून. सरकारी दिरंगाईची चर्चा त्या आवाजात बुडाली.

आणखी एक निरीक्षण लेखकाचं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. भारतीय ओलीसपटातला परदेश बहुधा सहलीचा नसतो, पोटापाण्याचा असतो. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितमध्ये ४६ परिचारिका अडकल्या, बहुतेक केरळच्या. २०१७ मध्ये त्यावर दोन चित्रपट आले. महेश नारायणनच्या 'टेक ऑफ'मध्ये कर्जाचे हप्ते, गरोदरपण आणि वकिलातीचे फोन आहेत. 'टायगर जिंदा है'मध्ये सलमान खान आहे. त्याच जूनमध्ये मोसुलमधून ३९ भारतीय मजूर पळवले गेले. ते मेल्याचं घरच्यांना अधिकृतपणे कळायला २०१८ उजाडलं. पडद्याने सुटका उचलली. चार वर्षांची वाट बघणं तिकीटबारीवर चालत नसावं.

पूर्व आशियात आता हा प्रकार फोफावलाय. चीनच्या 'वुल्फ वॉरियर २'चा (२०१७) शेवट पासपोर्टच्या चित्राने होतो: तुम्ही संकटात असाल तर मागे देश उभा आहे, अशा अर्थाचा दिलासा. कोरियाचा 'द पॉइंट मेन' (२०२३) उलट्या टोकाला. २००७ मध्ये अफगाणिस्तानात पकडलेल्या २३ कोरियन ख्रिस्ती स्वयंसेवकांना सोडवायला गेलेला मुत्सद्दी तिथे घामाघूम झालेला दिसतो. दोघे मारले गेले होते, आणि 'सरकारने नको म्हटलं असताना गेलेच का' असा राग कोरियात उसळला होता. आणि चीनच्याच 'नो मोअर बेट्स'ने (२०२३) तर पर्यटनाचं गणित बिघडवलं. आग्नेय आशियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्या माणसांची ही गोष्ट पाहून चिनी प्रवासी थायलंडला जायला कचरू लागले. जानेवारी २०२५ मध्ये एक चिनी अभिनेता खरोखरच थायलंडहून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेला गेला आणि काही दिवसांनी डोकं भादरलेल्या अवस्थेत सापडला. त्या अड्ड्यांवरून सोडवून आणलेल्यांत भारतीय तरुणही आहेत, नोकरीच्या आमिषाने गेलेले.

तेव्हा हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर फार लांब शोधायला नको. २०२४ मध्ये तीन कोटींहून अधिक भारतीय परदेशी जाऊन आले. पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांत दिवाळीनंतर व्हिएतनाम आणि बाकूचे फोटो फिरतात. मराठी प्रवासवर्णनात परदेशातलं मोठ्यात मोठं संकट म्हणजे आमटी-भाताची आठवण. अपवाद एक, आणि तो थोर: गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला वरसईहून उत्तरेत गेलेला गरीब ब्राह्मण बंडात सापडतो, झाशीच्या वेढ्यातून निघतो, पुन्हा पुन्हा लुटला जातो आणि गंगेची कावड घेऊन घरी येतो. सोडवायला कोणी आलं नाही. लेखकाने भटजींच्या पुस्तकाला ओलीसपटांच्या चर्चेत ओढलंय, आणि पहिल्यांदा वाचताना ते ओढूनताणून वाटतं. दुसऱ्यांदा वाटत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले, त्यांतले सहा महाराष्ट्रातले. तो देशातला हल्ला, ओलीसनाट्य नव्हे, म्हणून या पुस्तकात त्यावर लेख नाही आणि ते योग्यच आहे. पण तीस वर्षांपूर्वी, जुलै १९९५ मध्ये, पहलगामच्याच वरच्या कुरणांतून अल-फरान नावाच्या गटाने सहा पाश्चात्त्य गिर्यारोहक-पर्यटक उचलले होते. एक निसटला, एकाचा शिरच्छेद झाला, चौघांचं काय झालं ते आजतागायत उलगडलेलं नाही. ज्या गोष्टीला शेवट नाही तिचा थरारपट कसा करणार? लेखकाने हा प्रश्न तीन पानं चघळलाय आणि मोकळा सोडलाय.

चित्रपटांची यादी, गुणांकन, 'हे पाहाच' छापाच्या शिफारशी इथे मिळणार नाहीत. प्रत्येक लेखात पडद्यावरची गोष्ट आणि तिच्यामागची घटना शेजारी शेजारी ठेवलीय, आणि दोहोंमधल्या फटीत काय पडलं ते टिपलंय. कधी एकाच दृश्यावर आठ पानं खर्ची पडलीत, तर गाजलेला चित्रपट चार ओळींत उरकलाय. हिंसेचं वर्णन आहे, काही ठिकाणी नको इतकं. लेखकाला ते टाळता आलं असतं असं दोनेक लेखांबाबत वाटतं. तुरुंगपट आणि युद्धपट मुद्दाम बाहेर ठेवलेत, त्यामुळे 'मिडनाइट एक्सप्रेस'चे चाहते निराश होतील. तुर्कस्तानच्या चित्रणाबद्दल पटकथाकार ऑलिव्हर स्टोनने २००४ मध्ये इस्तंबूलला जाऊन दिलगिरी व्यक्त केली होती, ती हकिगत तेवढी एका तळटीपेत आलीय.

शेवटचा लेख खलाशांवर आहे. सप्टेंबर २०१० मध्ये 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज सोमाली चाच्यांनी पकडलं, सगळे पंधरा खलाशी भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, आठ जण सुटले. सात जणांना चाच्यांनी किनाऱ्यावर ठेवून घेतलं, कारण भारतीय नौदलाने पकडलेले शंभराहून अधिक सोमाली तेव्हा मुंबईत कोठडीत होते आणि अदलाबदलीला कोणी तयार नव्हतं. ते सात जण ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले. या लेखात एकाही चित्रपटाचं नाव नाही.